विक्कीच्या हातात काय होतं

भाजे,
३ मार्च २०२५

दादा, जय भीम.

मागच्या मुलाखतीत तू तुरुंगाच्या जाळीपलीकडून ओरडून सांगितलंस की इथे गोंगाटात काही ऐकू येत नाही, तू पत्र लिही. म्हणून लिहिते आहे.

आधी आजीचं. खुब्याचं ऑपरेशन झालं, आत सळई घातली आहे. डोक्याचे टाके निघाले. शुद्धीवर आहे, पण बोलत नाही. आई खंडाळ्याच्या बंगल्यावर कामाला जाते तेव्हा मी आजीजवळ बसते. तिला भाकर कुस्करून भरवते. ती खाते आणि भिंतीकडे तोंड करते.

विहाराच्या अंगणातली, मी रंगवलेली समाजमंदिराची भिंत तशीच आहे. डांबर वाळून त्याला भेगा पडल्यात. उद्घाटनाला तू मंडपाचे पाईप लावत होतास, तुला चित्रं नीट बघायला मिळालीच नाहीत. सहा वर्तुळं होती. एकात कुरवंड्याची बाई तुळशीपुढे दिवा लावते आहे. एकात स्टेशनवरच्या चहावाल्या चाचांची नमाजाची चटई. एकात लोणावळ्याच्या नर्सबाईंच्या गळ्यातला क्रूस. एकात आपल्या लेण्यातला स्तूप, एकात विहारात बसलेली आपली माणसं. आणि मधल्या वर्तुळात आजी. तिच्या मागे धम्मचक्र, आणि तळहातावर तो टाक, चक्राएवढा मोठा काढलेला. खरा टाक म्हणजे तिने पिठाच्या डब्यात लपवलेला, दोन बोटं रुंदीचा चांदीचा पत्रा. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा आपल्या घराने देव्हाऱ्यातले सगळे टाक पाटीत घालून इंद्रायणीत सोडले, तरी हा एक देवीचा टाक तिच्याकडे राहिलाच. मला ते फार सुंदर वाटलं होतं. एका माणसात दोन जगं. कॉलेजात शिकवायचे की आकार शब्दांआधी बोलतो. म्हणून मी सगळी वर्तुळं एका मापाची काढली, रेघेची जाडी एकच ठेवली. कुणी वर नाही, कुणी खाली नाही. शाळेत न गेलेल्या माणसालाही बघताक्षणी कळावं.

पोलिसांना मी जो जबाब दिला तो तुला माहीत असावा. मी सांगितलं की माघ पौर्णिमेला उद्घाटनाच्या वेळी आपल्याच वस्तीतला विक्की चार पोरं आणि डांबराचा डबा घेऊन आला. विहाराच्या अंगणात देवी कुणी आणली, म्हणून त्याने मधल्या वर्तुळावर डांबर फेकलं. आजी हात पसरून आडवी उभी राहिली. विक्कीने तिला खांद्याला धरून बाजूला ढकललं. ती ओट्याच्या दगडी कडेवर पडली, डोकं फुटलं. तू पाईप घेऊन धावलास. पुढचं मी पाहिलं नाही, असं सांगितलं, कारण आजीचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

विक्कीचा डावा डोळा गेला. जबडा तारेने बांधलाय. तुझ्यावर खुनाच्या प्रयत्नाचं कलम आहे. तपासाचे साहेब परवा घरी आले होते. म्हणाले, पोरी, तू चित्रकार आहेस. कोण कुठे होतं, कुणाच्या हातात काय होतं, एका कागदावर काढून दे आणि खाली सही कर. मी मुदत मागितली.

तुझी,
तेजल


११ मार्च

तेजल, जय भीम.

आजी खाती हाय हे वाचून बरं वाटलं. तिला म्हणावं पद्या ठीक हाय.

ठीक न्हाई. आलो त्या आठवड्यात माझा पुढचा दात पाडला, अंघोळीच्या पाण्यावरनं. परवा माझ्या शेजारी बसलेल्या माणसाच्या पोटात चमचा घासून केलेलं पातं घातलं. आमी वरण खात व्हतो. रक्त माझ्या ताटात आलं. शिपाई येस्तवर तो पोट धरून माझ्याकडंच बघत व्हता, जसं काय मीच मारलं. मला उलटी झाली म्हणून बाकीचे हसले. ह्ये आईला सांगू नको.

वकील भेटून गेले. ते म्हणत्यात, समदं तुझ्या कागदावर हाय. तू घरातली असलीस तरी सायबांनी स्वतः मागितलाय, म्हणून त्याला वजन हाय. तेजल, विक्कीच्या हातात कोयता व्हता. ही पोरं कमरेला लावून फिरत्यात, समद्या मावळाला ठावं हाय. तो आजीवर कोयता उचलणार व्हता म्हणून मी पाईप मारला. तू घाबरलीवतीस, तुला आठवत नसंल. नीट आठव. तेवढं कागदावर आलं तर जामीन व्हतोय आन पुढं कलम बी उतरतंय.

पत्रं हितं उघडून वाचत्यात, म्हणून जास्त लिवत न्हाई. तू आपल्या घरातली पयली पदवीवाली. तुला इतकं सांगायची गरज न्हाई.

प्रदीप


भाजे,
२० मार्च २०२५

दादा, जय भीम.

तू आठव म्हणालास. आठवायला मी विक्कीच्या घरी गेले.

आईला सांगितलं नव्हतं. दारातच त्याच्या आईने माझे केस धरले. मला वाकवून उंबऱ्यापर्यंत ओढत नेलं आणि पाठीत बुक्क्या मारल्या. मी हात वर केले नाहीत. ती मारता मारता रडत होती आणि विचारत होती, डोळा आणलास का, डोळा आणलास का. आतून विक्कीचा आवाज आला, “सोड तिला, आये.” मग सोडलं.

तो खाटेवर बसला होता. अर्ध्या तोंडाला पट्टी. तारेमुळे दात मिटलेले, फटीतून बोलतो. मला बघून म्हणाला, “या चितरकार. एकच डोळा राहिलाय, अर्धंच चितर दावा.” मला हसावं की काय करावं कळेना. तोच हसला, आणि जबडा दुखला म्हणून गप्प झाला.

मी त्याला सांगितलं की मला कुणाचा अपमान करायचा नव्हता. सगळ्यांची जगं एका भिंतीवर शेजारी शेजारी यावीत, एवढंच मनात होतं.  मग त्याने विचारलं, सगळी वर्तुळं सारखी का काढलीस. मी म्हटलं, समता दाखवायला.

“माझ्या आज्यानं धम्म घेतला आन देवीच्या जत्रंत हलगी वाजवायचं सोडलं,” तो म्हणाला. “तवा गावानं त्याच हलगीच्या काठीनं त्याची बोटं मोडली. एकेक करून. देवीच्या पुढ्यात पालथा पाडून, पाठीवर पाय देऊन. जल्मभर त्याला माझी आजी भरवायची. आन तू ती देवी आमच्या अंगणात आणलीस, चक्राच्या मापाची. पाठीवर पाय ठेवणारं वर्तुळ आन पायाखालचं वर्तुळ सारखं असतंय व्हय गं?”

मी म्हटलं, मला सगळ्यांना एका भिंतीपाशी आणायचं होतं.

“आणलंस की,” तो म्हणाला. “आमी बी आलो.”

दादा, तीन महिने मी ती भिंत रंगवत होते. घराघरात जाऊन विचारलं, तुमचं जग कसं दिसतं, तुम्ही कशापुढे हात जोडता. कुणी कुणाला कशासाठी मारलं, हे मी एकाही घरात विचारलं नाही. मला वाटलं, ते चित्रात नाही घेतलं तर ते उरणार नाही.

आजीला का ढकललंस, असं मी त्याला विचारलं. त्याने तोंड फिरवलं. म्हणाला, “बाजूला करत व्हतो. लय हलकी निघाली.”

केस मागे घ्यायचं मी त्याला म्हटलं नाही, त्यानेही विषय काढला नाही. निघताना त्याच्या आईने माझ्या पायाजवळ पाणी ओतलं, माझा पाय लागलेला उंबरा धुवायला.

कागद अजून कोरा आहे. चित्र काढायचं तर मला प्रत्येक वस्तूची जागा लागते, म्हणून विचारते. तू म्हणतोस तो कोयता त्याने कुठून काढला? कमरेवरून? एका हातात डांबराचा डबा होता, मग कुठल्या हातात धरला?

तुझी,
तेजल


२ एप्रिल

तेजल,

हे पत्र सुटून चाललेल्या एका पोराच्या हाती देतोय. हितं ह्ये कुणी वाचणार न्हाई, तवा मोकळं लिवतो.

जागा इचारतेस व्हय? माझा डोळा फुटला असता तर त्याच्या बहिणीनं जागा इचारली असती का? तू त्याच्या घरात जाऊन मार खाल्लास आन मला कौतुकानं लिवलंस. त्याच्या आज्याची बोटं मोडली, वाईट झालं. म्हणून माझ्या आजीचं डोस्कं फोडायचं?

मी बारावी सोडून जीप धरली. लोणावळ्याला येणाऱ्या पोरांनी दारू पिऊन मागच्या सीटवर केलेल्या वकाऱ्या मी धुतल्या, तवा तू पुण्यात रंग घोळत व्हतीस. आजवर बोललो का? आज बोलतो.

कोयता कुठल्या हातात व्हता? कुठल्याच न्हाई. कोयता न्हवताच. तुला ठाऊक हाय, तू बघत व्हतीस. आजी मांडीवर असली तरी तुझे डोळे माझ्यावर व्हते, मी बघितलंय. पोलिसाला बघितलं न्हाई म्हणालीस, तवा मला वाटलं माझी बहीण हाय.

आता माझं ऐक. तू इतक्या लोकांच्या तुळशी, चटया, क्रूस काढलंस. त्यातला एक तरी देव तू सोत्ता बघितलास का? न बघताच काढलंस ना, लोकांनी सांगितलं म्हणून? मंग मी सांगतोय म्हणून एक कोयता काढायला काय जातंय?

एक सांगतो. खाली पडल्यावर विक्कीनं मला पद्या म्हणून हाक मारली. शाळेत मारायचा तशी. तरी मी थांबलो न्हाई. का, ते मला बी ठाऊक न्हाई. हात चालू व्हता.

मागच्या आठवड्यात हितं एकानं माझं पांघरूण वढलं. मी त्याचं डोस्कं धरून भिंतीवर आपटलं. नाक फुटून सपाट झालं. आता मला कुणी हात लावत न्हाई, वरण बी पयलं मला वाढत्यात. मला बरं वाटलं, तेजल. सात-आठ वर्सं हितं काढली तर मी काय व्हऊन भाईर येईन, त्याचं बी एक वर्तुळ काढून ठेव.

कोयता काढ. न्हाईतर मला भाऊ म्हणू नको.

प्रदीप


भाजे,
१६ एप्रिल २०२५

दादा,

भाऊ म्हणू नको म्हणालास. मी दादा म्हणते आहे.

तुझं मागचं पत्र मी चुलीत घातलं. त्यातलं काही इथे लिहीत नाही, हे पत्र वाचलं जाणार आहे. पण तू एक प्रश्न विचारलास, न बघता काढलेल्या देवांचा. त्याचं उत्तर मला आजीने दिलं.

परवा जयंतीला वस्तीतून मिरवणूक गेली. आपल्या दारापुढे आली तेव्हा ढोल वाजवायचे थांबले. आपला मान म्हणून की राग म्हणून, कळलं नाही. आईने दार लावून घेतलं. त्या शांततेत आजी एकदम बोलली. दोन महिन्यांनी पहिल्यांदा. म्हणाली, “माझा जानू दे.”

कोण जानू, मला कळेना. तिने पिठाच्या डब्याकडे बोट केलं. मी टाक काढून तिच्या हातात दिला. म्हटलं, आजी, ही देवी ना?

“देवी कुटली?” ती म्हणाली. “ह्यो जानू. माझा थोरला दीर.”

मग तिने सांगितलं. तिच्या लग्नाआधी, धम्म घेण्याच्याही आधी, जानूने मळ्यातला मेलेला बैल ओढायला नकार दिला. चौघांनी त्याला कुदळीच्या दांड्याने मारलं. डोकं इतकं फुटलं होतं की घरी आणला तेव्हा त्याच्या आईने त्याला पायाच्या बोटांवरून ओळखलं. तो बिनलग्नाचा, मारला गेलेला. म्हणून जुन्या रीतीने त्याचा टाक घडवून देव्हाऱ्यात बसवला. छप्पन साली देव बुडवायला निघाले तेव्हा त्या माऊलीने पाटीतून हा एक उचलला आणि सोळा वर्षांच्या नव्या सुनेच्या, म्हणजे आजीच्या, मुठीत दिला. म्हणाली, “देव बुडवा. माझं पोर बुडवायचं न्हाई.”

मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलंस?

“तू इचारलंस कुटं?” आजी म्हणाली. “तू चितर काढत व्हतीस.”

मी टाक उजेडात धरून पुन्हा पाहिला. सत्तर वर्षं राखेने घासून तो गुळगुळीत झालाय. एक उभा आकार आहे, एक वर उचललेला हात आहे आणि हाताजवळ एक रेघ. एवढंच. बाकी सगळं मी भरलं. उरलेले हात मी काढले, मुकुट मी काढला. त्या रेघेला तीन टोकं काढून तिचा त्रिशूळ मी केला. मार खाताना वर केलेल्या हातात मी हत्यार दिलं, दादा. आणि ते भिंतीवर एवढं मोठं रंगवलं, म्हणून विक्कीने आपल्याच माणसावर डांबर टाकलं. आजी देवीसाठी आडवी गेली नव्हती.

हे मी विक्कीला जाऊन सांगितलं. तो नुसता भिंतीला टेकून बसला. त्याच्या आईने या वेळी उंबरा धुतला नाही.

काल मी साहेबांना कागद दिला. तुला दुसऱ्याकडून कळण्याआधी मीच सांगते.

पहिल्या चौकटीत विक्की एका हाताने आजीला ढकलतो आहे, दुसऱ्या हातात डांबराचा डबा. ते तसंच काढलं, कमी केलं नाही. दुसऱ्यात आजी ओट्याच्या कडेवर, रक्त कुठवर गेलं ते. तिसऱ्यात तू पाईप घेऊन, त्याच्या खांद्यावर घाव. डबा हातातून सुटलेला. चौथ्यात तो जमिनीवर उताणा. एक हात तोंडावर, एक हात तुझ्याकडे, पंजा उघडा. दोन्ही रिकामे. तू त्याच्यावर वाकलेला. तोंडावर दुसरा घाव, मग तिसरा. तिसऱ्या घावानंतर आजीने माझं मनगट आवळलं आणि मी तिच्याकडे वळले. पुढचं मी पाहिलं नाही. खाली तसं लिहून सही केली. आधीच्या जबाबात मी पाहिलं नाही म्हणाले ते खरं नव्हतं, हेही लिहून दिलं.

पहाटे उठून मी दुसरा कागद घेतला होता. त्यात कोयता काढूनही बघितला. मला तो चांगला काढता येतो. मूठ, पातं, उजेडाची धार, सगळं जमलं होतं. बघणाऱ्याला खरा वाटला असता. म्हणूनच फाडला.

तू माझ्यासाठी काय सोडलंस ते मला ठाऊक आहे. तू तिथे आणखी काय होत जाशील याची भीती मला तुझ्याहून जास्त वाटते. तरी मी हे केलं. वकील म्हणाले, आता जामीन कठीण आहे. आई माझ्याशी बोलत नाही. ती मला वाढते, पण ताट सरकवून देते.

मी मुलाखतीला येत राहीन. तू बाहेर आला नाहीस तर वेळ संपेपर्यंत बाकावर बसेन आणि परत जाईन.

तेजल


९ मे

तेजल, जय भीम.

जामीन झाला न्हाई. वकिलानं कोर्टात मला तुझं चितर दावलं.

मला वाटलं, मी बघणार न्हाई. मंग बघितलं. लय येळ बघितलं. वकील म्हणाले, द्या हिकडं, तरी सोडलं न्हाई. माझं तोंड तू काढलंस त्यात राग असंल असं मला वाटलंवतं. राग न्हाई. कायबी न्हाई त्या तोंडावर. लाकूड फोडताना असतं तसं हाय. मी त्या टायमाला तसा दिसत व्हतो, ह्ये मला ठाऊक न्हवतं. विक्कीला ठाऊक हाय, त्यानं खालून बघितलंय.

तुझ्यावर लय चिडलोवतो. दोन मुलाखतीला तू आलीस आन मी भाईर आलो न्हाई. शिपायानं सांगितलं, बसून गेली. हितं एक म्हातारा हाय, जन्मठेपवाला. तो म्हणाला, पुढच्या बारीला तुझ्या बदली मी जाऊन बसू का, पोरगी गोड दिसती. त्याच्या थोबाडीत मारायला हात उचलला आन खाली घेतला. तो आजून हसतोय.

जानूचं वाचलं. त्यो आपल्या आज्याचा थोरला भाऊ म्हंजे आपला बी आजाच की. आजीला माझा नमस्कार सांग.

आता एक. तू तीन घाव काढलंस. तिसऱ्यानंतर तू वळलीस, म्हणून पुढं न्हाई काढलंस, बरोबर केलंस. चौथा बी व्हता. डोळा चौथ्यानं गेला. पाईपाचं टोक उभं धरून मी खाली घातलं. वकिलाला ह्ये सांगितलं न्हाई, सायबाला न्हाई, ह्यो आजवर फकस्त माझ्यात आन विक्कीत व्हता.

ह्या बारीला पत्र टपालानंच टाकतोय. हितं उघडून वाचत्यात. वाचू देत.

मुलाखत मंगळवारी असती. आईला आणू नको. तू ये, मी भाईर येतो.

प्रदीप